मिठाच्या सहा ओंजळी

ये, अशी जवळ सरकून बस. तिथं दारातच काय टेकलीस परक्यासारखी... आणि ती पिशवी खाली ठेव आधी, कुणी नेत नाही. वर्षातून एकदा यायचं, तेही 'पाचच मिनिटं हं' म्हणत, आणि त्या पाचातली तीन मोबाइलकडं बघण्यात घालवायची, ही काय रीत झाली? रागवत नाही गं. रागवायलाही आता दम लागतो. मघाशी तू सहज विचारलंस, 'मावशी, तुम्ही चटणीत मीठ किती घालता?' आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू आलं होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर चमच्यात नाही सांगता येत मला. त्याला एक अख्खा आठवडा लागतो, आणि तो आठवडा पन्नासावर वर्षांपूर्वीचा आहे.

डोळे मिटले की पहिल्यांदा लाल रंग दिसतो. चैत्र सरत आलेला, शेणानं सारवलेलं अंगण उन्हानं तडकायला लागलेलं, आणि त्यावर आईची जुनी लुगडी पसरून त्यांवर अंथरलेल्या मिरच्या... सुरकुतलेली, गर्द ब्याडगी रंगासाठी आणि लांबट संकेश्वरी तिखटासाठी. एका अंगणातला तो लाल रंग दुसऱ्या अंगणात ओघळत गेल्यासारखा वाटे, कारण गारगोटीतल्या आमच्या या गल्लीत सात घरं होती आणि सातही घरांच्या चटण्या त्याच महिन्या-दीड महिन्यात व्हायच्या. आमच्याकडं चटणी म्हणजे पानात डावीकडं वाढायची ती नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट – मिरची, मसाला, कांदा, लसूण, खोबरं, मीठ, सगळं एकत्र कुटून बरणीत दाबून ठेवलेलं. ती बिघडली तर वर्ष बिघडलं. भाजी, आमटी, रस्सा, पोराच्या शिळ्या भाकरीवरचं तेल-तिखट... सगळ्याला तीच.

म्हणून हे काम एकट्या बाईचं नसायचंच. पैरा असायचा. आज सगळ्यांनी माझ्या अंगणात बसायचं, पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांसह तुझ्या अंगणात. आमच्या घराच्या वाट्याला जो आठवडा येई तो बाजाराच्या दिवसापासून सुरू व्हायचा आणि पुढच्या बाजाराच्या आधी बरणीचं तोंड फडक्यानं बांधून संपायचा.

बाजाराला आई जायची ती चन्नाक्काला घेऊन. चन्नाक्का म्हणजे आमच्या शेजारीण, लिंगायताघरच्या. नवऱ्याचं गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान, माहेर सीमेपलीकडचं. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगानं किरकोळ, आणि मराठी अशी बोलायच्या की प्रत्येक वाक्य शेवटाला थोडं वर चढायचं. गल्लीतल्या बायका त्यांच्या बोलण्याची नक्कल करायच्या, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्या हसायच्या. पण मिरचीच्या ढिगापुढं उकिडव्या बसल्या की कुणी नक्कल करत नसे. एक मिरची उचलायची, कानाजवळ नेऊन हलवायची, बियांचा आवाज ऐकायचा, मग मोडायची – कटकन मोडली तर चांगली, वाकली तर दमट. संकेश्वराकडच्या व्यापाऱ्याशी कानडीत भांडायला लागल्या की आई बाजूला नुसती पिशवी धरून उभी राहायची.

त्यांची मुलगी गिरिजा. ती माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे – कसं सांगू – सकाळी दात घासायची राखुंडीसुद्धा आम्ही एकमेकींच्या दारात जाऊन हातावर घ्यायचो. दोघी अकरा वर्षांच्या. मी बडबडी, ती गप्प. मी दहा गोष्टी सांगायची, त्यातल्या सहा रचलेल्या असायच्या. ती दिवसात एखादी सांगायची आणि ती खरी असायची. मिरच्यांची राखण आमच्याकडं असे. कोंबड्या हाकलायच्या, वासरू आलं तर ओरडायचं, आणि बाकी वेळ पायरीच्या सावलीत गजगे खेळायचे. तापल्या मिरचीचा एक वास असतो बघ, गोडसर, थोडा मातीसारखा, नाकात शिरताना काहीच नाही आणि शिरल्यावर एकदम शिंक. शिंकता शिंकता गजगा हुकायचा. 'शिंकलीस म्हणून हुकला, पुन्हा घे,' असं गिरिजा स्वतःच म्हणायची. खेळातही ती खोटं घ्यायची नाही.

दोन दिवस ऊन खाल्लं की देठ खुडायचा दिवस. सगळ्या बायका गोल बसायच्या, मध्ये मिरच्यांची रास, आणि तोंडं अखंड चालू. कुणाची सून माहेराहून आली नाही, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, शाळेतल्या नव्या बाई केसांना काय लावतात... आमच्या थोरल्या काकी – वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, पलीकडच्याच घरात राहायच्या – त्या मैफलीच्या धनीण. आवाज असा की वेदगंगेच्या घाटावरच्या धुणेकरणीनं मान वळवावी.

'चन्नाक्का, तुमच्या कानडीत मिरचीला काय म्हणत्यात गं?'

'मेणसिनकाई.'

'एवढं लांबडं नाव घेस्तवर आमटी उतू जायाची की.'

'म्हणून तर आमची आमटी आमी बोलत बोलत न्हाय करत,' चन्नाक्का म्हणायच्या, आणि सगळ्या हसायच्या, थोरल्या काकी सगळ्यांत मोठ्यानं.

संध्याकाळपर्यंत आमच्या बोटांची आग व्हायची. मी रडायला लागले की गिरिजा काही न बोलता हात धरून तिच्या घरी न्यायची आणि माझे दोन्ही हात ताकाच्या गाडग्यात बुडवायची. थंडगार, आंबूस ताक... मनगटापर्यंत. त्या ताकाचं नंतर काय करतात ते मी कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मसाला भाजायचा. त्या दिवसाचा वास अजून कधीतरी, कुठल्याशा गल्लीतून जाताना अचानक अंगावर येतो आणि मी थांबते. मागून येणारा गाडीवाला भोंगा वाजवत राहतो. तेलात फुटणारे धणे, तडतडणारे तीळ, खोबऱ्याचा खरपूस धूर, दगडफुलाचा रानातल्यासारखा वास, उन्हात वाळवून तळलेल्या कांद्याचा गोडवा, सोललेल्या लसणीची पाटी... चुलीपाशी आई, थोरल्या काकी उलथन्यावर, आणि सगळं भाजून परातीत निवलं की मग ती वेळ यायची.

मीठ घालायची वेळ. आमच्या गल्लीत सातही घरांच्या चटणीत मीठ घालायचं ते एकाच हातानं – चन्नाक्काच्या. कधीपासून, ते मला माहीत नाही. त्यांच्या हातचं मीठ चुकत नाही, चटणीला वर्षभर बुरशी धरत नाही की खारट होत नाही, असं सगळ्या मानायच्या. वजनकाटा नाही, माप नाही. त्या हातपाय धुऊन यायच्या, पदर डोक्यावरून घ्यायच्या, परातीभोवती एकदा बघायच्या, मिरचीची पोती बघायच्या, आणि मग खड्याच्या मिठाच्या गाडग्यात दोन्ही हात घालून ओंजळ भरायच्या. त्या वेळेला कुणी बोलायचं नाही. अख्ख्या आठवड्यात थोरल्या काकी गप्प राहायच्या ते तेवढाच वेळ. ओंजळीच्या कडेनं चार खडे ओघळायचे, ते त्या ओघळू द्यायच्या. त्या वर्षी आमच्या चटणीत त्यांनी सहा ओंजळी घातल्या. मी बघितलं. गिरिजानंही बघितलं. शेवटची घालून झाली की त्या तळहात एकमेकांवर झाडायच्या आणि म्हणायच्या, 'झालं बगा.' नक्कल होणारी, परगावची, किराणावाल्याची बायको त्या घटकेला गल्लीची थोरली व्हायची. लहानपणी मला ते शब्दांत कळलं नव्हतं. पण कळलं नव्हतं असंही म्हणवत नाही.

पाचवा दिवस डंक्याचा. गावात मिरची कुटायचा डंका नवा आला होता. त्याआधी उखळ-मुसळानं आठ-आठ दिवस हात भरून यायचे म्हणे. एरवी आई जायची, पण त्या वर्षी धाकट्या भावाला गोवर आला आणि ती त्याच्या उशाशी अडकली. वडिलांनी सायकलवरून दोन खेपा करून पोती आणि मसाल्याचे डबे डंक्यावर ठेवले, आणि नंबर धरून बसायला आम्हा दोघी पोरींना सोडलं. निघताना आईनं माझ्या हातात एक मोठी पुरचुंडी दिली – मिठाची. 'ही लोणच्याची हाय. चटणी झाल्यावर निराळी कुटून घे. बारीक. सोबतीला गिरिजा हाय म्हणून पाठवतेय तुला, ध्यान ठेव.'

पत्र्याची शेड, खाली धाड-धाड आपटणारी लोखंडी मुसळं, जमिनीतून पायांत चढणारा हादरा, हवेत तिखट असं की समोरचं माणूस लालसर दिसावं. बायका नाकाला पदर बांधून भिंतीशी बसलेल्या. सकाळी गेलो ते दुपार टळून गेली तेव्हा आमचा नंबर आला. भाकरी बांधून दिली होती ती केव्हाच संपली होती. माझे डोळे सुजून बारीक झाले होते.

चटणी कुटून होत आली तशी डंक्यावरच्या बाईनं माझ्या मांडीकडं बोट दाखवलं. 'पुरचुंडीत काय हाय गं?'

'मीठ. निराळं कुटायचंय, लोणच्याचं.'

'तिखटाच्या मागनं मीठ घेत न्हाय मी. समदं पुसायला लागतंय. सांजच्याला ये, शेवटाला घेते.'

मी बाहेर बघितलं. ऊन रस्त्यावर पडलं होतं नुसतं. घरी जायचं, आई म्हणणार परत जा. नाहीतर इथंच संध्याकाळपर्यंत बसायचं. आणि खरं सांगू? मला त्या सगळ्या बायकांसमोर मोठ्या बाईसारखं बोलायचं होतं. मी म्हणाले, 'मग टाका की त्यातच. चटणीला मीठ लागतंयच.'

गिरिजानं माझा परकर धरला. आईला ती अव्वा म्हणायची. 'सुमे, अव्वानं घातलंय. सहा वंजळी.'

'एवढ्या चटणीला सहा पुरत्यात व्हय?'

'अव्वानं मापून घातलंय.'

'तुझ्या अव्वाला काय कळतंय,' मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. अकरा वर्षांची होते, भूक लागली होती, डोळे जळत होते – सगळं खरं. पण बोलले मीच. डंक्यावरच्या बाईला काय, ती घाईत. तिनं पुरचुंडी सोडली आणि मीठ आत ओतलं. पांढरं मीठ त्या लालात पडलं, दोनदा मुसळ आपटलं आणि दिसेनासं झालं. गिरिजानं परकर सोडला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, मीठ कुठंय. वाटेत गाठ सुटली, सांडलं, मी म्हणाले. 'येंधळी कुठली,' एवढंच ती म्हणाली आणि भावाच्या कपाळावरची पट्टी बदलायला आत गेली. गरम चटणी चाखायची नसते, रात्रभर निवू द्यायची असते. ती परातीत पसरून ठेवली होती, घरभर तिचा वास... आणि मी त्या वासात गाढ झोपले. हे मला सगळ्यांत विचित्र वाटतं आता. मी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या आल्या. नवी चटणी पहिल्यांदा चाखायची ती गरम भाकरीवर, वर कच्चं तेल घालून. पहिला तुकडा थोरल्या काकींचा. त्यांनी तो तोंडात घातला, चावला, थांबल्या, आणि उठून मोरीत थुंकून आल्या.

'काय गं चन्नाक्का. हात घसरला की तुझा.'

कुणाला आधी थट्टाच वाटली. मग दुसरीनं चाखली, तिसरीनं. चन्नाक्कांनी भाकरी बाजूला ठेवून नुसती चिमूट जिभेवर घेतली. डोळे मिटले. पुन्हा एक चिमूट घेतली.

'सहाच घातल्या मी,' त्या म्हणाल्या.

'मग सहाच्या जागी बारा झाल्या असतील. मोजताना ध्यान कुठं हुतं? माहेरात?'

'ध्यान हितंच हुतं.'

त्या आईकडं बघत होत्या. आईला त्यांच्या हाताची खात्री सगळ्यांपेक्षा जास्त. आई म्हणाली, 'जाऊ दे. हुतंय कधी कधी.' किती मायेनं म्हणाली... आणि त्या 'जाऊ दे'नं ते कायमचं त्यांच्या नावावर पडलं. चन्नाक्का म्हणाल्या, 'ही बरणी मी नेते. माझी चटणी अजून व्हायची हाय, ती तुमी घ्या.' आईनं ऐकलं नाही. गिरिजा तिच्या अव्वाच्या पाठीशी उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. नुसती वाट बघत असल्यासारखी. मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसले, खारट पाणी सुटत राहिलं, गिळवेना.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्याच सरूमावशीच्या घरची पाळी. मसाला भाजून निवला, चन्नाक्का हातपाय धुऊन आल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि सरूमावशी म्हणाली, 'आक्का, यंदा तुमी नका तरास घेऊ. मीठ मी बगते.' सगळ्या गप्प झाल्या, पण ती शांतता निराळी होती. 'बरं झालं,' चन्नाक्का हसून म्हणाल्या, 'तेवढाच हाताला इसावा.' आणि भिंतीशी जाऊन लसूण सोलायला बसल्या. त्यानंतर कुणीच त्यांना मिठाला बोलावलं नाही. त्यांच्या स्वतःच्या चटणीच्या दिवशी मी खिडकीतून बघितलं, त्या गाडग्यात हात घालत होत्या, बाहेर काढत होत्या, थोडं मीठ परत टाकत होत्या. मग त्यांनी दुकानातून तराजू मागवला.

नळावर गिरिजा मला रोज विचारायची, 'सांगितलंस?' मी म्हणायची, 'उद्या.' एकदा चिडून म्हणाले, 'तूच सांग की मग.' ती म्हणाली, 'मी सांगितलं तर चुगली हुईल. तू सांग.' किती दिवस विचारत होती, आठवत नाही. एक दिवस तिनं विचारलं नाही. घागर भरली, चुंबळीवर घेतली, गेली. मला वाटलं, सुटले.

ते वर्षभर आमच्या घरी कशातच मीठ घालायचे नाहीत. चटणीच इतकी खारी की आमटीत वरून खडाही नको. वडील जेवताना म्हणायचे, 'कोकणात जायला नको, समुद्रच घरी आलाय.' सगळे हसायचे. मीही. दिवसातून दोनदा, वर्षभर, घासागणिक मला माहीत असायचं. पुढच्या उन्हाळ्याच्या आधीच चन्नाक्काच्या नवऱ्यानं दुकान हलवलं – चंदगडला, भावांच्या शेजारी. धंद्यासाठीच हलवलं, सगळे तसंच म्हणत. ट्रकात सामान चढत होतं तेव्हा गिरिजा माझ्याकडं आली, माझे पाच गजगे तिच्याकडं राहिले होते ते माझ्या हातात दिले, आणि चालकाशेजारी तिच्या अव्वाच्या मांडीवर जाऊन बसली.

मग काय... मग सगळं झालं जे होतं. शाळा सुटली, लग्न झालं, याच गल्लीत दिलं. वाचनालयातली पुस्तकं आणून एकटीच वाचत, अडलं तिथं कुणाला विचारत, चार ओळी लिहायला शिकले. दोन पोरं पुण्याला गेली. माझं माणूस गेलं. दरवर्षी चटणी केली, पण मीठ मी कधी घातलं नाही. आधी सासूबाई घालायच्या, मग कुणी शेजारीण, मग सून सुट्टीला येई ती. 'माझ्या हाताला चव नाही' म्हणून सांगायची मी. आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. शेवटच्या दिवसांत ती जुनं खूप बोलायची. एकदा म्हणाली, 'चन्नाक्का बाई किती गुणाची... एकदाच हात घसरला तिचा.' मी तिच्या तोंडात पाणी घातलं. तेव्हाही नाही सांगितलं. ते आता राहिलंच.

यंदा शाळेच्या जुन्या पोरींनी मोबाइलवर ग्रुप केला. त्यात एक नंबर आला, गिरिजाचा. आठ दिवस नुसता बघत होते. मग लावला.

'कोण?'

'सुमी.'

'कुठली सुमी?'

'गारगोटीची. गल्लीतली.'

मागं कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मग ती म्हणाली, 'अव्वा हाय अजून. ऐकायला कमी येतंय.' मी म्हणाले, मला सांगायचंय. ती म्हणाली, 'मला काय सांगतीस? मला ठाऊक हाय. तिला सांग. फोनवर न्हाय, हितं येऊन.'

गुडघे धरून गेले. गडहिंग्लजला एसटी बदलली, पुढं घाट चढताना खिडकीबाहेर काजूची झाडं, तांबड्या दगडाचे बांध, हिरवंगार सगळं, आणि मला काही बघवत नव्हतं. गिरिजा दारात उभी होती. केस पांढरे, तीच गप्प नजर. सोप्यात घोंगडीवर चन्नाक्का बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या, भस्माची बोटं तेवढी पूर्वीसारखी. मी पाया पडले, जवळ बसले, हळू आवाजात सांगायला लागले. त्यांनी कानाला हात लावला. 'आँ?'

मग ओरडून सांगावं लागलं. जे मी पन्नास वर्षं स्वतःशीसुद्धा पुटपुटले नव्हते ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं – डंक्यावरचं, पुरचुंडीचं, 'तुझ्या अव्वाला काय कळतंय'चंसुद्धा. शेजारची एक बाई हातातलं धुणं घेऊन कुंपणाशी थांबली.

चन्नाक्का म्हणाल्या, 'किती हुतं त्यात? पुरचुंडीत?'

'लोणच्याचं मीठ आक्का. दोन किलो तरी असंल.'

त्यांनी दोन्ही हात मांडीवर जोडून ओंजळ केली. बोटं वाकडी झालेली, ओंजळ नीट मिटत नव्हती. ती उचलायच्या, पुढं रिकामी करायच्या, पुन्हा मांडीवर आणायच्या. ओठ हलत होते... ओंदु, येरडु, मूरु... सहापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि पुढं तशाच मोजत राहिल्या. मग हात झाडले.

'म्हंजे माझं बरोबर हुतं,' त्या म्हणाल्या.

मला नाही म्हणाल्या. गिरिजाकडं बघून म्हणाल्या. 'गिरिजा, बग. माझं बरोबर हुतं.'

'व्हय अव्वा.'

'सहाच घातल्या हुत्या.'

'व्हय अव्वा, सहाच.'

माफ केलं की नाही, ते काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत बसले होते त्याची, लहान पोरीसारखी. पण त्यांना माझ्याशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं; त्या हाताकडं बघत होत्या स्वतःच्या, उलटे करून, सुलटे करून. बऱ्याच वेळानं मी तिथं असल्याचं ध्यानात आल्यासारखं म्हणाल्या, 'जेवून जा,' आणि आत आवाज दिला, 'गिरिजा, हिच्या ताटात मीठ बेतानं वाढ गं. हिला जास्त घालायची सवय हाय.' गिरिजाच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढंच.

जेवताना कळलं, गिरिजाच्या लग्नाच्या स्वयंपाकात, नातवाच्या बारशात, कशातच चन्नाक्कांनी मीठ घातलं नव्हतं. चटणीच्या दिवसांत त्या देवळात जाऊन बसायच्या म्हणे.

गिरिजा मला सोडायला स्टँडवर आली. उन्हात उभ्या होतो दोघी. मी म्हणाले, 'तू का नाही सांगितलंस गं तिला? एवढ्या वर्षांत?' ती रस्त्याकडं बघत म्हणाली, 'मला रोज वाटायचं, आज सुमी सांगंल. गारगोटी सुटली तरी वाटायचं, पत्र येईल. मग वाट बघायची सवय मोडली. नंतर सांगायचं म्हटलं तर अव्वा म्हणली असती, तुला ठाऊक हुतं तर एवढी वर्षं तू का गप्प? मग मीबी तुझ्यासारखीच झाले की.' गाडी आली. तिनं माझी पिशवी वर चढवून दिली. ये म्हणाली नाही. मी म्हणाले, गारगोटीला ये एकदा. ती म्हणाली, 'बगू.'

परत आले ती चार दिवस अंथरुणावरच होते. अंग मोडून आलं होतं, पण ते प्रवासाचं नव्हे. तुला वाटलं असेल, सांगून हलकं वाटलं असेल मावशीला. तसं नाही गं होत. जड होतं ते गेलं खरं. पण त्याच्यावर टेकूनच मी उभी होते की काय, असं वाटतं आता. गल्लीत माझंच एक दार उघडं असतं. सरूमावशीच्या घराला कुलूप आहे, थोरल्या काकींच्या जागेवर मोबाइलचं दुकान झालं, आणि समोरची नवी सून चटणीची पाकिटं आणते. वाईट नसतात, खाऊन बघितली मी.

गिरिजाचा फोन आला नाही. मी दोनदा लावला. एकदा उचलला, अव्वा बरी हाय म्हणाली. माझा तिच्यावर काही हक्क नाही, हे मला कळतं. तरी दुपारी चंदगडकडची गाडी यायच्या वेळेला मी या पायरीवर येऊन बसते.

चल, उठ आता, तुझी गाडी चुकेल. पण पुढच्या खेपेला अशी घाईत येऊ नकोस. राहायला ये, दोन दिवस तरी. मिरच्या आणून ठेवते, खुडायला मला दुसरे हात हवेत. आणि फार दिवस लावू नकोस बाई. तुझी वाट बघायची माझी सवय अजून मोडलेली नाही... मोडायच्या आत ये.